आकडा पडद्यावर, मात्रा मात्र तलफेच्या हाती

मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत सापडलेले उपकरण माझ्या टेबलावर आणून ठेवले. जाड पेनाएवढे, बाजूला इवलासा पडदा, त्यावर ३.३ हा आकडा. बटण दाबले की आकडा पाचपर्यंत चढतो. मुलाचे म्हणणे एवढेच, ‘मी कमी व्होल्टेजवरच ओढतो, त्याने काही होत नाही.’

हा युक्तिवाद हल्ली वारंवार कानावर येतो, म्हणून तो तपासून पाहायला हवा.

या उपकरणात बॅटरी, तारेचे वेटोळे आणि एक द्रव असतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुधा निकोटिन. तार तापली की या सगळ्याचा सूक्ष्म थेंबांचा फवारा होऊन थेट फुफ्फुसात जातो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३.३ वरून ५ वर गेल्यास व्होल्टेज दीडपट होते, पण तारेला मिळणारी शक्ती सुमारे २.३ पट. प्रत्येक झुरक्यात निकोटिनही जास्त जाते.

२०१५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच दोन आकडे तपासले. ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत. ५ व्होल्टवर आढळली. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. त्यावर आक्षेप आला की इतक्या उष्णतेत चव जळकी लागते, माणूस ओढणारच नाही. आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. पण मग सुरक्षिततेची कसोटी उरते ती फक्त घशाला लागणारी जळकी चव!

आणि कमी व्होल्टेजचे काय? ‘लाइट’ सिगारेटचा अनुभव आठवा. लोकांनी झुरके खोल आणि जास्त घेतले, निकोटिनची गरज भागवलीच. औषधाची मात्रा डॉक्टर लिहून देतो. इथे ती तलफ ठरवते.

सिगारेटपेक्षा हे कमी घातक आहे, हे खरे. तंबाखू जळत नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास टळतात. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना त्याचा आधार घ्यायला सांगतात. पण ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी करायची. शिवाय आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणजे हाती येते ते चोरट्या मार्गाने. द्रवात काय आहे आणि पडद्यावरचा आकडा खरा आहे का, याची हमी देणारे कोणी नाही.

पालकांनी उपकरण जप्त केले म्हणजे प्रश्न मिटत नाही. मुलाला शांतपणे एकच विचारा: सकाळी उठल्यावर किती वेळात ओढावेसे वाटते? उत्तर अर्ध्या तासाच्या आत असेल, तर ती मौज राहिलेली नाही, व्यसन जडले आहे. अशा वेळी ओरडण्यापेक्षा डॉक्टरांकडे या. १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तंबाखूचे व्यसन सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. गरज असेल तर वैद्यकीय सल्ल्याने निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्याही देता येतात. त्यांची मात्रा मोजलेली असते आणि ती ठरलेल्या मुदतीत कमी करत शून्यावर आणायची असते. या उपकरणाच्या आकड्यांत तो शून्य कुठेच नाही.