संगणकाला नवं विंडोज घालताना

मैत्रिणींनो, घराला रंग काढायचा ठरला की आपण आधी फडताळं रिकामी करतो, काचसामान हलवतो आणि मगच रंगाऱ्याला आत घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र पडद्यावर सूचना आली की चिरंजीव बटण दाबून मोकळे होतात. मग बारशाचे फोटो कुठं गेले म्हणून शोधाशोध!

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर झाली. जुना संगणक काही त्यामुळे बंद पडत नाही. पण बँकेचे व्यवहार त्यावर करणं धोक्याचं. म्हणून बदल करावा, पण बेतानं.

पहिली गोष्ट, आपलं यंत्र नव्या विंडोज ११ ला चालेल का, हे पाहा. निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरही नव्या पिढीचा हवा; २०१८ च्या आधीचे पुष्कळ संगणक इथंच अडतात. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्रॅम हे तपासून देतो. “बसत नसलं तरी बसवून देतो, ताई,” असं दुकानदार म्हणाला, तर नको म्हणा. अशा यंत्राला पुढची दुरुस्ती मिळेलच याची हमी नसते. आणि हो, अस्सल विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे पडत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी, फोटो, हिशेब आणि मुलांची प्रमाणपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. नुसती उतरवून थांबू नका. दुसऱ्या संगणकावर दोन-चार उघडून बघा. वनड्राइव्हवर विसंबाल, तर तिथं मोफत जागा फक्त ५ जीबी असते. शिवाय इथला फोटो पुसला की तिथलाही जातो, बरं का!

तिसरी गोष्ट पुष्कळजणींना ठाऊकच नसते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवरची माहिती कुलूपबंद असते, आणि बदलानंतर कधी कधी संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. पण ते खातं कुणाच्या नावावर आहे? दुकानदाराच्या, की परगावी असलेल्या मुलाच्या? आजच विचारा, अंक वहीत उतरवा आणि वही घराच्या कागदपत्रांत ठेवा. किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही कुलूप उघडता येत नाही.

चौथी, सगळं पुसून नव्यानं बसवणार असाल, तर जुने मराठी फॉन्ट आधी जपून ठेवा. नाहीतर जुन्या पद्धतीनं टाइप केलेली पत्रं उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसतील. छपाईयंत्राचा प्रोग्रॅमही पुन्हा घालावा लागेल.

बदल करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. वीज जाण्याचा वार टाळा. नवं विंडोज पसंत पडलं नाही, तर साधारण दहा दिवस जुन्यावर परतता येतं. तोवर ‘जागा मोकळी करू’ म्हणून जुन्या विंडोजच्या फायली पुसू देऊ नका.

विंडोज काय, चारदा बसवता येतं. सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मात्र पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून बटण कुणीही दाबो, “प्रत काढली का?” हा प्रश्न तुम्ही विचारायचा.