ड्रॉवरमधला घोडा

ऑफिसमधल्या शेजारच्या डेस्कचा ड्रॉवर कधी उघडा पाहिलाय? पूर्वी त्यात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, डोकेदुखीचा बाम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असायची. आता त्यांच्या जोडीला एक देखणी बाटली आलीय. मॅट फिनिश, मातकट हिरवा रंग आणि वर ठळक अक्षरांत ‘फोकस’, ‘मेमरी’, ‘काम’. (यातलं ‘काम’ इंग्रजी, म्हणजे शांत. मराठी काम तर समोर ढिगाने पडलेलंच असतं!)

बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा पहिलं नाव सापडेल अश्वगंधेचं. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची यांच्या घराण्यातलं हे झुडूप. मुळांना घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात तिची शेती होते. आजी रात्री दुधातून जे चूर्ण द्यायची आणि आपण नाक मुरडायचो, तेच आता कॅप्सूलमध्ये बसून ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ झालंय. वास गेला, किंमत वाढली.

आता मुद्द्याचं. ही सगळी नुसती जाहिरातबाजी आहे का? तर नाही. 2012 साली भारतात एक चाचणी झाली होती. सतत ताणाखाली असलेल्या 64 जणांपैकी निम्म्यांना अश्वगंधेच्या मुळाचा 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा दिला, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. 60 दिवसांनी अर्कवाल्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं हार्मोन, सुमारे 28 टक्क्यांनी उतरलं होतं. दुसऱ्या गटात सुमारे 8 टक्क्यांनी. वाईट नाही! पण 64 जण म्हणजे आपल्या ऑफिसचा अर्धा मजला. आणि 60 दिवस म्हणजे 60 दिवस. सोमवारी प्रेझेंटेशन आहे म्हणून रविवारी रात्री दोन कॅप्सूल गिळणाऱ्यांसाठी हा फंडा नाही.

ब्राह्मीचंही तसंच. तिच्यावरच्या चाचण्यांत स्मरणशक्तीवर जो काही थोडाफार परिणाम दिसला, तो साधारण तीन महिन्यांनी. त्यातही गंमत अशी की, ‘ब्राह्मी’ या एका नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक छोट्या जाडसर पानांची जलब्राह्मी, दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. तुमच्या बाटलीत कोणती आहे ते लेबलवरच्या शास्त्रीय नावावरूनच कळेल. बॅकोपा लिहिलं असेल तर पहिली, सेंटेला असेल तर दुसरी. जिंकोचं प्रकरण मात्र सरळ आहे. 2008 साली अमेरिकेत 3,000 हून अधिक वयस्क मंडळींवर झालेल्या मोठ्या चाचणीत जिंकोने स्मृतिभ्रंश रोखला नाही. तरीही बाटल्यांवरून त्याचं नाव काही गेलेलं नाही.

‘हर्बल आहे यार, साइड इफेक्ट कसला?’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये हमखास ऐकू येतं. आणि इथेच ब्रेक लावायला हवा. अश्वगंधा घेणाऱ्या काही जणांना कावीळ होऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि आपल्याकडच्याही डॉक्टरांनी केल्या आहेत. अशा केसेस थोड्या आहेत, बंद केल्यावर बहुतेक जण बरे होतात. पण ज्यांचं यकृत आधीच दुखावलेलं असतं त्यांचं निभतंच असं नाही. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर चक्क बंदी घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका, मूळच वापरा असं बजावलं होतं. म्हणजे लेबलवर ‘रूट’ हा शब्द आहे का, हे बघायचं. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळट दिसले, तर बाटली बंद आणि थेट डॉक्टर.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आणखी जपून, कारण अश्वगंधा थायरॉइडची पातळी वर ढकलू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतली तर गुंगी वाढू शकते. दिवस गेले असतील किंवा तसा विचार चालू असेल, तर नकोच.

आणि हो, डोकं चालत नाही, नावं आठवत नाहीत, दुपारी चारला बॅटरी डाऊन... हे सगळं नेहमी टेन्शनमुळेच असतं असं कोण म्हणतं? शाकाहारी मंडळींत बी12 ची कमतरता भरपूर आढळते, कारण हे जीवनसत्त्व भाजी-पोळीत जवळजवळ नसतंच. दूध-दह्यातून मिळतं तेवढंच. त्यात अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की तेही नीट शोषलं जात नाही. म्हणजे ड्रॉवरमधली ती जुनी पट्टीच कधी कधी खरी कल्प्रिट! विसरभोळेपणा, थकवा, हातापायांना मुंग्या, ही त्याची लक्षणं. थायरॉइड मंदावला तरी असंच सुस्त वाटतं. दोन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात, आणि दोन्हींवर नेमके उपचार आहेत. ‘ब्रेन बूस्टर’च्या तीन महिन्यांच्या पॅकआधी ही तपासणी करायला काय हरकत आहे?

बाटली घेतलीच असेल, तर मागच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर विचारतात, ‘कुठली औषधं चालू आहेत?’ आणि आपण अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘काहीच नाही.’ कारण ही कॅप्सूल आपल्या लेखी औषध नसतेच. लेबलवरही तसंच छापलेलं असतं, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. यकृताला मात्र इंग्रजी वाचता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना तो फोटो दाखवा, आणि रोज किती, कधीपासून घेताय तेही सांगा.