तोटी गिऱ्हाइकाच्या हाती, काटा कुणाच्या?

जळकोट हा लातूर जिल्ह्यातील डोंगराळ तालुका. बालाघाटाच्या रांगा, हलकी जमीन आणि पावसाचा भरवसा नाही, अशा टापूत शेतकऱ्याला आधार असतो तो गोठ्याचा. एका अंगाला देवणी, दुसऱ्या अंगाला कंधार. या दोन गावांच्या नावाने ओळखली जाणारी देवणी आणि लाल कंधारी जनावरे याच परिसरातली. येथील मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी मोठ्या शहरांत जातात आणि पगाराच्या दिवशी चार मित्रमैत्रिणी मिळून गोठविलेल्या दह्याच्या दुकानात शिरतात. चळवळीतील जुनी माणसे ‘चंगळवाद’ एवढ्या एका शब्दात हे प्रकरण निकालात काढतात. पण नाक मुरडल्याने अर्थव्यवहार समजत नाही. ते दुकान नीट पाहावयास हवे.

तेथे वाढपी नसतो. कागदी पेला उचलावयाचा, यंत्राची दांडी ओढून तोटीतून हवे तेवढे दही घ्यावयाचे, वर फळांचे तुकडे व सुका मेवा पेरावयाचा आणि पेला काट्यावर ठेवावयाचा. जितके ग्रॅम तितके पैसे. गोठविलेले दही अमेरिकेत 1970 च्या दशकात बाजारात आले. भारतीय महानगरांत त्याच्या दुकानांच्या साखळ्या 2009 च्या सुमारास दिसू लागल्या. ‘स्वतः घ्या’ ही पद्धत मात्र त्याहून जुनी आहे. 1916 साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स याने किराणा दुकानातील फळी काढून टाकली आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. नोकराचे काम गिऱ्हाईक करू लागले आणि तेही फुकट. पगारपत्रकावरील नाव कमी झाले. श्रम कमी झाले नाहीत, ते फक्त दुसऱ्याच्या अंगावर गेले. त्याला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हे नाव मिळाले, इतकेच.

तरीही या तोटीच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. खेड्यात पूर्वी ताक विकीत नसत, मागेल त्याला देत, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते कसे देत, हे सांगावयाचे राहून जाते. दलित वस्तीतील बाईला ओट्याखाली उभे राहावे लागे आणि तिच्या भांड्यात ताक वरून ओतले जाई. औदार्य होते, पण त्याची उंची जात ठरवीत असे. 1927 साली महाडच्या तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला तो केवळ पाण्याचा नव्हता. कुणाचा हात कुठे लागावा याचा होता. शहरातील त्या दुकानात एकच दांडी सगळे ओढतात आणि आधी कुणाचा हात लागला हे कुणी विचारीत नाही. पैसे असलेल्यांपुरती का होईना, ही समता आहे. गावाकडून गेलेल्या तरुणाला तेथे मोकळे वाटत असेल तर त्याला दोष देणे हा आपला धर्म नव्हे.

खरा प्रश्न पुढेच आहे. त्या दुकानात गिऱ्हाइकाचा पेला त्याच्या डोळ्यांदेखत तोलला जातो. ग्रॅमचा आकडा त्याला दिसतो, दर भिंतीवर लिहिलेला असतो, नको असेल तर कमी घ्यावयाची मुभा त्याला असते. आता हेच दूध जेथून निघते तेथे जावे. पहाटे धार काढून शेतकरी संकलन केंद्रावर पोचतो. फॅट किती, एसएनएफ किती हे तेथील यंत्र सांगते. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या प्रतीसाठी बांधलेला असतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. यंत्र बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे साधन शेतकऱ्याजवळ नाही आणि दूध परत घरी नेण्याची सोय तर नाहीच, ते नासते. एका टोकाला ग्राहकाच्या हाती तोटी आणि समोर काटा. दुसऱ्या टोकाला उत्पादकाच्या हाती रिकामी बरणी आणि कपातीची चिठ्ठी. वस्तू एकच, पण विश्वासाची वाटणी किती विषम!

दराची कथाही तशीच. 2018 च्या जुलैत दूध उत्पादकांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केले, तेव्हा लिटरला 25 रुपयांचा शब्द मिळाला. 2024 साली पुन्हा दर कोसळले आणि सरकारला लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. म्हणजे तोटा संघाचा किंवा कंपनीचा नव्हे, तो शेतकऱ्याचा. आणि मलमपट्टी जनतेच्या तिजोरीतून. उसाला निदान रास्त आणि किफायतशीर दराचे कायदेशीर कवच आहे. दुधाला तेही नाही. उदगीरचा शासकीय दूध भुकटी प्रकल्प हा या भागाचा एक आधार होता. तोही बंद पडला. जादा दुधाची भुकटी करून भाव सावरण्याचे सार्वजनिक साधन गेले की खरेदीदार सांगेल तो भाव उरतो. करव्यवस्थेनेही आपला कल दाखविलाच: 2022 च्या जुलैत पाकीटबंद दह्यावर 5 टक्के जीएसटी बसला आणि 2025 च्या सप्टेंबरात आइस्क्रीमवरील कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. गरिबाचे दही आणि श्रीमंताची चैन एकाच पायरीवर आली. पण दही खाली उतरले म्हणून नव्हे.

तेव्हा पेला हातात घेतलेल्या तरुणांशी भांडण नको. त्यांच्याशी बोलावे. काट्यावरचा आकडा पाहण्याचा जो हक्क त्यांना सहज मिळाला, तो त्यांच्या आईबापांना गावच्या केंद्रावर मिळत नाही, एवढे त्यांना दिसले तरी अर्धे काम झाले. कार्यकर्त्यांनी मागण्या नेमक्या ठेवाव्यात: दूध मोजणाऱ्या व तपासणाऱ्या प्रत्येक यंत्राची वैधमापन खात्याकडून नियमित, उत्पादकांसमक्ष तपासणी, कपातीचे कोष्टक केंद्राच्या भिंतीवर, आणि दुधाला उसाप्रमाणे कायद्याने बांधलेला किमान दर. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी मुंबईच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. जळकोट तालुक्यातील एका केंद्रावर वीस उत्पादक एकत्र उभे राहिले, तर कोष्टक उद्याच भिंतीवर लागू शकते.