मिती नसलेला कातळ

पहूर परिसरात विहीर खणू लागले की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली कठीण कातळ. हा कातळ म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा. अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली आहेत आणि कपाशीची काळी जमीनही त्याच्याच झिजेतून घडली आहे. मात्र त्यावर मिती लिहिलेली नाही. तप्त रसात जीवांचे अवशेष टिकत नाहीत, त्यामुळे जीवाश्मांवरून काळ ठरवण्याची वाट येथे बंद होते.

ती वाट उघडली सातशेहून अधिक किलोमीटर दूर, आंध्रातील राजमहेंद्री येथे. लाव्ह्याचे काही लोट त्या काळच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेले. दोन लोटांच्या दरम्यान समुद्राचा गाळ साचला आणि त्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची कवचे राहिली. ही कवचे बहुधा वाळूच्या कणाएवढीच असतात. गाळ भिजवून बारीक चाळणीतून धुतात आणि उरलेला चाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. पाण्यात तरंगणाऱ्या जाती अल्पावधीत दूरवरच्या समुद्रांत पसरत आणि पुढे नामशेष होत. म्हणूनच त्यांच्यावरून काळ सांगता येतो. डायनोसॉरांबरोबर, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, यांतील बहुतेक जाती नष्ट झाल्या. त्यानंतर प्रथम ज्या चिमुकल्या जाती आल्या, त्याच राजमहेंद्रीच्या खालच्या लोटावरील गाळात आढळल्या. त्यावरून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये असे मांडले की, ज्वालामुखींचा मुख्य टप्पा त्या महाविनाशाच्या सुमारासच संपला.

येथे एक सावधगिरी लागते, आणि ती पेढीवरच्या माणसाला सांगावी लागणार नाही. पावत्यांच्या गठ्ठ्यात एखादी जुनी पावती शिरली म्हणून गठ्ठा जुना ठरत नाही. त्यातील सर्वांत अलीकडची मिती पाहावी लागते. जुना गाळ झिजून त्यातील कवचे नव्या थरात वाहून येतात, म्हणून तज्ज्ञ सर्वांत नव्या जातीवर भर देतात.

ताळा मात्र अजून पुरता जुळलेला नाही. 2019 मध्ये दोन गटांनी दख्खनचे लोट किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या आधारे मोजले, एकाने लोटांमधील झिरकॉनवरून, दुसऱ्याने बेसॉल्टमधील अर्गॉनवरून. विनाशापूर्वी किती लाव्हा बाहेर पडला, याविषयी त्यांचे एकमत झाले नाही. डायनोसॉरांच्या अंतास ज्वालामुखी किती कारणीभूत होते, हा प्रश्न त्याच उत्तरावर अडून आहे.

खानदेशाच्या दृष्टीने अधिक नवलाची गोष्ट मध्य प्रदेशातील झिलमिली येथील आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील हे गाव आज कोणत्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथेही दोन लोटांमधील थरात, गोड्या पाण्यातील जीवांच्या सोबतीने, समुद्री फोरॅमिनिफेरा मिळाले. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झाले. समुद्राचा एक फाटा नर्मदा व तापी यांच्या खचदऱ्यांतून आत शिरला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पहूरचे पाणी आजही वाघूरमार्गे त्याच तापीला मिळते.