सुइलव्हेनचे एकाकीपण

स्कॉटलंडच्या वायव्येस, असिंट या दुर्गम डोंगराळ प्रदेशात सुइलव्हेन उभा आहे. उंची जेमतेम ७३१ मीटर. पण नाइस खडकाच्या उघड्या माळावर वालुकाश्माचा हा डोंगर एकटाच उठलेला असल्याने डोळ्यांत भरतो. त्याच्या 'एकाकीपणा'चे गोडवे गाण्याची समीक्षकी सवय मला खटकते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी इथली कुळे उठवली. भोवतालचे रितेपण सगळेच निसर्गदत्त नव्हे. 'अ मॅन इन असिंट' या दीर्घकवितेत नॉर्मन मॅक्केग विचारतो तेही हेच, की ही भूमी कोणाची? (त्याला नुसते निसर्गकवी म्हटले की हे नेमके निसटते.) २००५ साली स्थानिकांच्या संस्थेने सुइलव्हेनसह ती जमीन विकत घेतली. मॅक्केग १९९६ सालीच वारला होता.