ऑनलाइन तास हवेत, पण कॉलेजच्या बदल्यात नकोत

मार्च २०२० मध्ये शाळा-कॉलेजांना कुलूप लागले आणि शिक्षण मोबाइलवर आले. आता वर्ग पुन्हा भरतात, तरी बरेच विद्यार्थी म्हणतात, ऑनलाइन तास पूर्ण बंद करू नका. याला आळस म्हणण्याआधी त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. रेकॉर्ड केलेला तास पुन्हा लावता येतो. एसटीचे भाडे वाचते. दिवसभर अब्बांच्या दुकानात बसणारा मुलगा रात्री लेक्चर ऐकू शकतो.

पण फोन कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न आहे. 'असर' २०२१ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर गेले. तरीही घरात फोन असलेल्या दर चार मुलांपैकी एकाला तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. एक फोन, तीन भावंडे आणि दोन खोल्यांचे घर असेल, तर कोणाचा तास बुडतो हे आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक वेळा मुलीचाच.

आणखी एक आकडा डोळे उघडणारा आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या २०१९-२० मध्ये सुमारे २१ लाख होती, ती २०२०-२१ मध्ये १९.२१ लाखांवर आली. त्याच वर्षी एससी, एसटी आणि ओबीसी विद्यार्थी मात्र वाढले. याचे सगळे खापर ऑनलाइनवर फोडता येणार नाही. पण ज्या वर्षी घरबसल्या शिकण्याचा इतका गाजावाजा झाला, त्याच वर्षी आपली मुले गळाली, हे विसरून कसे चालेल?

म्हणून विद्यार्थ्यांची तयारी आणि पालकांची सोय यांत गल्लत नको. मुलगी म्हणते, "तासही ऑनलाइन ठेवा." आपण ऐकतो, "कॉलेजला नाही गेले तरी चालेल." लायब्ररी, प्रयोगशाळा, शिक्षकांना थेट विचारलेला प्रश्न आणि मैत्रिणी मोबाइलवर मिळत नाहीत. मेडिकल, नर्सिंगच्या पदव्या तर ऑनलाइन घेताच येत नाहीत.

ज्यांचे शिक्षण लग्नामुळे किंवा कामामुळे सुटले, त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग मोलाचा आहे. 'स्वयम्'वरचे कोर्स मोफत शिकता येतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची असते. ऑनलाइन पदवीला प्रवेश घेण्याआधी त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासा. जाहिरातीवर भरवसा ठेवून पैसे भरू नका.

मोहल्ल्यातल्या जमातींनी आणि ट्रस्टनी मनावर घेतले, तर एखादा रिकामा हॉल, वायफाय आणि चार कॉम्प्युटर एवढ्यावर अभ्यासिका सुरू होऊ शकते. वेळ मुलींसाठीही राखून ठेवावी. ऑनलाइन तास हा तालीमचा जोड-रस्ता आहे. तो दाखवून कॉलेजचे दार बंद करू नये.