उघडे दार पाहू नका, उघडणारा पाहा

दोन अधिक दोन चार होतात यावर कोणाचे दुमत नसते. परंतु शक्यतेचा हिशेब निघाला की भलीभली शिकलेली माणसेही हमरीतुमरीवर येतात. असे का होते, हा प्रश्न केवळ गणिताच्या मास्तरांचा नाही. रोज माल पारखून घेणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि आपल्या कामाची पारख दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या कारागिराचाही तो प्रश्न आहे.

या वादाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. सप्टेंबर १९९० मध्ये 'परेड' या साप्ताहिकात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या सदरात एका वाचकाचे कोडे आले. तीन बंद दारे आहेत. एकामागे मोटार, उरलेल्या दोहोंमागे बकऱ्या. (आपल्याकडे बकरीलाही बरी किंमत येते, पण तूर्त मोटारच हवी आहे असे धरू.) तुम्ही एक दार निवडता. खेळ चालवणाऱ्याला मोटार कोठे आहे ते ठाऊक आहे. तो उरलेल्या दोनपैकी एक दार उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, 'पहिलेच दार ठेवता की बदलता?' काय करावे?

मेरिलिनबाईंनी उत्तर दिले : बदलावे. बदलणाऱ्याला तीनपैकी दोन वेळा मोटार मिळेल, न बदलणाऱ्याला तीनपैकी एकदाच. यावर सुमारे १०,००० पत्रे आली. बहुतेकांनी बाईंना चूक ठरवले. पत्र लिहिणाऱ्यांत जवळजवळ १,००० डॉक्टरेट मिळवलेले होते आणि गणिताचे प्राध्यापकही होते. त्यांचे म्हणणे सरळ होते : दारे दोन उरली, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी.

बाईंचे उत्तर बरोबर होते. ते पटवून घेण्यास मोठे गणित नको, खातेवही पुरे. समजा हा खेळ ३०० वेळा झाला. सुमारे १०० वेळा तुमचे पहिले दार बरोबर असेल, २०० वेळा चूक. ज्या २०० वेळा तुम्ही चुकलात, त्या प्रत्येक वेळी मोटार उरलेल्या दोनांपैकी एका दारामागे आहे आणि खेळ चालवणारा ते दार उघडूच शकत नाही. त्याला बकरीचेच दार उघडावे लागते. म्हणजे त्याने बंद ठेवलेल्या दारामागे मोटार आहे. दार बदलणाऱ्याच्या नावे २०० जमा, न बदलणाऱ्याच्या नावे १००.

आता एकच अट बदला. खेळ चालवणाऱ्याला मोटार कोठे आहे ते ठाऊक नाही. तो उरलेल्यांपैकी कोणतेही दार अंदाजाने उघडतो. तुम्ही चुकलात त्या २०० वेळांपैकी निम्म्या वेळा, म्हणजे १०० वेळा, त्याच्या हातून मोटारच उघडी पडेल आणि तो डाव बाद होईल. बकरी दिसली असे डाव उरले २००. त्यांत १०० वेळा पहिले दार बरोबर, १०० वेळा दुसरे. आता मात्र निम्मी-निम्मी हेच खरे उत्तर ठरते!

सर्व भांडणाची गोम येथे आहे. दोन्ही वेळा दार उघडलेले, दोन्ही वेळा बकरी दिसलेली, तरी उत्तर निराळे. डोळ्यांना दिसले ते तेच. ते दाखवणाऱ्याचा हात कसा चालला, एवढाच काय तो फरक. विरोधकांपैकी बहुतेकांनी तो हात हिशेबातच धरला नाही. शिवाय छापलेल्या कोड्यात एक अट मोघम राहिली होती : खेळ चालवणारा प्रत्येक वेळी दार उघडणारच, असे स्पष्ट म्हटले नव्हते. ज्या 'लेट्स मेक अ डील' या कार्यक्रमावरून कोडे निघाले, त्याचे सूत्रधार मॉन्टी हॉल यांनी १९९१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहराला हे करूनच दाखवले. पाहुण्याने चुकीचे दार निवडले की ते लगेच उघडून खेळ संपवायचा आणि बरोबर निवडले तरच बदलण्याची लालूच दाखवायची. अशा सूत्रधारापुढे दार बदलणारा दर वेळी बुडतो.

म्हणून माझे मत असे की, अशा कोड्यांवर माणसे भांडतात ती गणित कच्चे असल्यामुळे तेवढी नव्हे. सौद्याच्या अटी न विचारता प्रत्येकजण आपल्या मनाच्या अटी धरून चालतो, म्हणून ती भांडतात. आणि हेच बाजारातही घडते.

धान्याच्या दहा पोत्यांचा सौदा घ्या. विकणाऱ्याने स्वतः एक पोते फोडून ओंजळभर माल दाखवला आणि तो उत्तम निघाला. दहापैकी एकच पोते चांगले असले तरी त्याने तेच फोडले असते. त्या नमुन्यावरून उरलेल्या नऊ पोत्यांबद्दल काहीच कळत नाही. तेच पोते तुम्ही आपल्या हाताने, न पाहता निवडले असते, तर त्याच ओंजळीला किंमत आली असती. दामदुपटीच्या योजना घेऊन दारी येणाऱ्यांचेही तसेच. ज्याला पैसे मिळाले त्यालाच ते आपल्यासमोर उभा करतात. ज्यांचे बुडाले ते बंद दारामागेच राहतात.

याहून गंभीर गोष्ट कारागिरांच्या मजुरीची आहे. समजा १,००० नगांत खरोखर सदोष १० आहेत. तपासनीस दहापैकी ९ सदोष नग अचूक पकडतो, परंतु ११ चांगल्या नगांमागे एक चुकून बाद करतो. चांगले नग ९९०, त्यांतले ९० बाद झाले. एकूण बाद ९९, त्यांत खरे सदोष फक्त ९. म्हणजे बाद ठरलेल्या ११ नगांपैकी १० निर्दोष! तपासनीस लबाड नाही, आंधळाही नाही. तरी प्रत्येक बाद नगामागे मजुरी कापली तर अन्याय ठरलेला. बाद नग दुसऱ्या डोळ्यांनी पुन्हा तपासावा, ही मागणी कारागिराने दयेची म्हणून करू नये, हिशेबाची म्हणून करावी. मालकानेही ती मानावी, कारण चांगला माल भंगारात गेला तर नुकसान त्याचेच.

अशी चूक अडाणीच करतात असे कोणी समजू नये. १९७८ मध्ये अमेरिकेच्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना याच जातीचा प्रश्न विचारला होता. हजारात एकाला होणारा रोग, निरोगी माणसांपैकी शंभरात पाचांना चुकून रोगी ठरवणारी चाचणी. मग रोगी ठरलेला माणूस खरोखर रोगी असण्याची शक्यता किती? सर्वाधिक जणांनी ९५ टक्के सांगितले. खरे उत्तर सुमारे २ टक्के. ते सांगणारे ६० पैकी अवघे ११ निघाले.

कोणी म्हणेल, हा जुगाऱ्यांचा हिशेब, आपल्याला काय करायचा? या शास्त्राची सुरुवात खेळाच्या डावांवरून झाली हे खरे. परंतु अंदाजाने सौदा करणे हाच जुगाराला जवळचा मार्ग आहे. हिशेब करणारा त्यापासून दूर जातो.

वाद मिटवण्याचा मार्गही या प्रकरणातच आहे. पॉल एर्डॉश हे विसाव्या शतकातील थोर गणिती. दारांचे हे उत्तर त्यांनाही पटेना. अखेर संगणकावर तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळून आकडे समोर ठेवले, तेव्हा त्यांनी मानले. मेरिलिनबाईंनीही शाळांतील मुलांना कागदी पेले आणि नाणे घेऊन प्रयोग करायला सांगितले. पदवी आणि चढा आवाज यांनी जे सुटले नाही, ते मोजून सुटले.

दुकानात तीन पेले आणि एक रुपया सहज मिळेल. मुलांना बसवून खेळ साठ वेळा खेळा आणि वहीत टिपा. बदलणाऱ्याच्या बाजूला चाळीसच्या आसपास आकडा येईल. मग तीच वही दुकानातील मालासाठी चालू ठेवा : नमुना कोणी काढला, किती नग बाद झाले, फेरतपासणीत त्यांतले किती चांगले निघाले. सहा महिन्यांनी कोणाशी वाद घालण्याची गरज उरणार नाही.